सिनेमातून निसटलेलं बर्लिन

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बँकेतून निवृत्त झालेला, पुण्यातल्या फिल्म सोसायटीचा जुना सभासद. त्याची लेक सई बर्लिनमध्ये नोकरी करते. मे महिन्यात तिच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा दादाने एका वहीत यादी केली. डाव्या बाजूला सिनेमाचं नाव, उजव्या बाजूला पत्ता. सगळे सिनेमे एकाच विषयावरचे : बर्लिनच्या भिंतीखालून, भिंतीवरून, नाहीतर भिंत फोडून पळालेली माणसं. शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे करणारी ही भिंत कम्युनिस्ट पूर्व जर्मनीने आपली माणसं पश्चिमेला निघून जाऊ नयेत म्हणून घातली होती. "म्यूझियमं तुम्ही बघा, मी हे पत्ते बघणार," असं त्याने जाहीर केलं. वहिनी म्हणाली, "मला हिटलरही नको आणि भिंतही नको," आणि तिने सईबरोबर बोटॅनिकल गार्डनचा रस्ता धरला. उरले मी. दादाबरोबर मीच हिंडले.

शुक्रवार : बर्नाउअर श्ट्रासे

भुयारी रेल्वेच्या यू 8 लाइनवर बर्नाउअर श्ट्रासे नावाचं स्टेशन आहे. 1961 पासून 1990 पर्यंत ते बंद होतं. पश्चिम बर्लिनच्या गाड्या पूर्व बर्लिनच्या खालून जायच्या, पण मधल्या स्टेशनांवर थांबायच्या नाहीत. अंधुक उजेडातल्या फलाटांवर फक्त पहारेकरी उभे. अशा 'भूत-स्टेशनां'ची छान माहिती जवळच्याच नॉर्डबानहोफ स्टेशनात लावलेली आहे. फुकट आहे, चुकवू नका.

वर रस्त्यावर आलो तर लख्ख ऊन, चेस्टनटची झाडं फुलांनी डवरलेली, ट्राममधून शाळेची पोरं उतरतायत. इथे काय झालं असेल याचा पत्ताही लागू नये इतका साधा रस्ता. भानगड अशी, की रस्त्याच्या दक्षिणेकडची घरं पूर्व बर्लिनमध्ये होती आणि त्याच घरांसमोरचा फुटपाथ पश्चिम बर्लिनमध्ये. लक्ष्मी रोडवर घराच्या पायऱ्या उतरलं की परदेश, असं समजा. 13 ऑगस्ट 1961 ला, रविवारी पहाटे सीमा बंद झाली. मग आधी या घरांची दारं विटांनी चिणली, पाठोपाठ खालच्या मजल्यांच्या खिडक्या. लोक वरच्या खिडक्यांतून उड्या टाकू लागले, खाली पश्चिमेकडचे अग्निशमनवाले जाळी धरून उभे. 48 नंबरच्या घरातल्या इडा झीकमान या बाईंनी 22 ऑगस्टला सकाळी तिसऱ्या मजल्यावरून आधी गाद्या-उशा खाली टाकल्या आणि मग स्वतः उडी मारली. जाळी येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना 59 वं वर्ष पूर्ण होणार होतं. भिंतीने घेतलेला हा पहिला बळी.

आज त्या घरांच्या जागी लांबच लांब हिरवळ आहे. भिंत जिथे गेली तिथे गंजलेल्या लोखंडी सळया उभ्या केल्या आहेत, त्यामुळे सरळ बघितलं तर आरपार दिसतं आणि तिरकं बघितलं तर पुन्हा भिंत दिसते. ही कल्पना ज्याची कुणाची असेल त्याला सलाम. गवतात जागोजागी धातूच्या पट्ट्या बसवल्या आहेत. खालून गेलेल्या बोगद्यांच्या त्या खुणा. दादा वाकून वाकून एकेक वाचत होता आणि एका पट्टीपाशी एकदम थबकला. "हाच तो. एकोणतीस."

'टनेल 29'. 'डेर टुनेल' हा 2001 चा तीन तासांचा जर्मन सिनेमा या बोगद्यावर बेतलेला आहे. दादाने तो इतक्यांदा बघितलाय की त्यातली माणसं त्याला नातेवाइकांसारखी वाटतात. मूळ हकिगत अशी : लुइजी स्पिना आणि डोमेनिको सेस्ता हे दोन इटालियन विद्यार्थी. पूर्वेत अडकलेल्या आपल्या मित्राला बायको-मुलासकट बाहेर काढायचं त्यांनी ठरवलं. 1962 च्या मे महिन्यात पश्चिमेकडच्या 78 नंबरच्या इमारतीतल्या एका कारखान्याच्या तळघरातून खणायला सुरुवात झाली. हासो हेर्शल नावाचा पोहणारा गडी सामील झाला. तो स्वतः पूर्वेतून निसटून आलेला होता आणि बहीण येईपर्यंत दाढी करायची नाही असा पण त्याने केला होता. मध्येच पाण्याचा नळ फुटला, बोगद्यात पाणी भरलं, दुरुस्ती करून पुन्हा खणलं. शेवटी 14 आणि 15 सप्टेंबरला पूर्वेकडच्या श्योनहोल्त्सर श्ट्रासे 7 या घराच्या तळघरातून 29 माणसं सरपटत इकडे आली.

आम्ही ते अंतर वरून चाललो. रस्ता ओलांडला, हिरवळ पार केली, एका गल्लीत वळलो, संपलं. दादा गप्प झाला होता. पडद्यावर हा बोगदा संपता संपत नाही. इथे मोबाइलवर एक फोन होईस्तोवर माणूस दुसऱ्या टोकाला पोहोचतो. 7 नंबरच्या घराला आता पिवळट रंग, दाराशी मुलांची सायकल आणि भिंतीवर माहितीची पाटी. आम्ही पाटीचा फोटो काढत असताना एक आजीबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि सराईतपणे बाजूला होऊन थांबल्या, फोटोत येऊ नये म्हणून. रोजचंच असणार. दादाने मान लववून 'डांके' म्हटलं. त्यांनी जर्मनमध्ये बरंच काही सांगितलं, त्यातला 'टुनेल' एवढा एकच शब्द आम्हाला कळला.

बारा वाजता मात्र ठरवलेलं नसताना एक गोष्ट घडली. इथे सीमेच्या पट्ट्यात एक चर्च अडकलं होतं. चर्चचं नाव समेटाचं, आणि तिथे कुणी जायचं नाही. 1985 च्या जानेवारीत पूर्व जर्मन सरकारने ते सुरुंग लावून पाडलं. त्या जागी 2000 साली माती कुटून बांधलेलं एक लहानसं लंबगोल प्रार्थनाघर उभं राहिलं. मंगळवार ते शुक्रवार दुपारी बारा वाजता तिथे भिंतीपाशी मेलेल्या एका माणसाचं चरित्र वाचतात. रोज एकाचं. आम्ही ऊन टाळायला आत गेलो आणि बसलो. शेजारच्या बाईंनी हळू आवाजात इंग्रजीत सारांश सांगितला : विशीतला मुलगा, रात्रीची वेळ, दोन मित्र, त्यातला एकच पोहोचला. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "आपल्या यादीत हा नाही." भिंतीपाशी किमान 140 माणसं मेली आणि सिनेमे बहुतेक पोहोचलेल्यांवर निघाले. इथून पुढे आमचं सगळं हिंडणं या एका वाक्याभोवतीच फिरत राहिलं.

जवळच श्ट्रेलित्सर श्ट्रासे 55. बर्नाउअर श्ट्रासेवरच्या एका बंद पडलेल्या बेकरीतून 145 मीटर खणत आलेला 'टनेल 57' इथे मागच्या अंगणातल्या संडासात निघाला. 'टोकियो' हा परवलीचा शब्द सांगितला की आत घ्यायचे. 1964 च्या 3 आणि 4 ऑक्टोबरला दोन रात्रींत 57 माणसं गेली. अंगणात त्यांना घ्यायला उभ्या असलेल्या मुलांपैकी राइनहार्ड फुरर पुढे 1985 मध्ये अंतराळात जाऊन आला. दुसऱ्या रात्री सैनिक आले, गोळीबार झाला, एगोन शुल्त्स हा जवान मेला. पूर्व जर्मनीने त्याला हुतात्मा केलं, या रस्त्याला त्याचं नाव दिलं. त्याला लागलेली जीवघेणी गोळी त्याच्याच सहकाऱ्याच्या बंदुकीतली होती, हे दोन्ही जर्मनी एक झाल्यावर कागदपत्रांतून बाहेर आलं. तोवर बोगद्यावाल्यांपैकी जो विद्यार्थी आपल्या हातून खून झाला असं समजत होता तो वारला होता. याचा सिनेमा करायचा तर शेवट कुठे करणार?

जाणाऱ्यांसाठी : बर्नाउअर श्ट्रासेचं उघड्यावरचं स्मारक आणि माहिती केंद्र दोन्ही मोफत. केंद्र सोमवारी बंद असतं. 111 नंबरच्या इमारतीवर मनोरा आहे, तिथून जसाच्या तसा राखलेला सीमेचा पट्टा वरून दिसतो. आधी मनोरा चढा, मग खाली चाला, म्हणजे डोक्यात नकाशा बसतो. किमान अर्धा दिवस ठेवा. वाटेत बसायला बाक आहेत, सावली मात्र कमी.

शनिवार : जमिनीखाली, आणि रात्री सईच्या घरी

'बर्लिनर उंटरवेल्टन' ही संस्था शहराच्या पोटातल्या बंकरांच्या आणि बोगद्यांच्या सफरी काढते. आम्ही पळवाटांच्या बोगद्यांवरची इंग्रजी सफर घेतली. तिकीट आधी काढून ठेवा, शनिवारी गर्दी उसळते. आत फोटोला सक्त मनाई, आणि बाहेर कितीही ऊन असलं तरी जाकीट लागतं. दादाने ऐकलं नाही आणि दीड तास हाताची घडी घालून कुडकुडत उभा राहिला.

वाटाड्या दाढीवाला, उंचच उंच, बोलण्यात तरबेज. सगळे बोगदे बर्नाउअर श्ट्रासेच्याच आसपास का, हा दादाचा पहिला प्रश्न. उत्तर जमिनीत होतं. बर्लिन बरंचसं वाळूवर आणि पाण्यावर वसलंय, थोडं खणलं की पाणी. बर्नाउअर श्ट्रासेचा भाग त्यामानाने उंचावर, पाणी खोल आणि माती चिकण, त्यामुळे छत टिकतं. पण तीच चिकणमाती कुदळीला दाद देत नाही. आडवं झोपून, पायाने फावडं रेटून कापायची, मागच्याने ती ढकलगाडीत भरायची. आणि मातीचं करायचं काय? बाहेर टाकली तर पलीकडच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीत दिसणार. म्हणून सगळी तळघरातच साठवायची. एका बोगद्याची माती म्हणजे खोल्याच्या खोल्या छतापर्यंत.

आकडा ऐकून आम्ही दोघंही चपापलो. शहरात सत्तरहून जास्त बोगदे खणले गेले, कामी आले ते जेमतेम वीस. त्यांतून सुमारे 300 माणसं निघाली. बाकीचे पाण्याने, कोसळून, नाहीतर फितुरीने गेले. बोगदेवाल्यांमध्ये मिसळलेला एक न्हावी स्टासीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, खबऱ्या निघाला आणि 1962 च्या ऑगस्टमध्ये कीफहोल्त्स श्ट्रासेच्या बोगद्यावर डझनावारी माणसं पकडली गेली.

शेवटी ब्रुनेन श्ट्रासेवरच्या एका जुन्या ब्रुअरीच्या तळघरात नेलं. 1970 च्या सुमारास खणलेला एक बोगदा तिथून बघता येतो. खराखुरा. आतून एकही माणूस पळालेला नाही, आधीच सुगावा लागला होता. कडेच्या मातीवर कुदळीचे घाव अजून तसेच आहेत, तिरके, जवळजवळ, उजव्या हाताने मारलेले. एके ठिकाणी दगड लागला असावा, कारण चारपाच घाव एकाच जागी आहेत आणि मग बोगदा किंचित डावीकडे वळलाय. मी अख्ख्या सहलीत जेवढं पाहिलं त्यात हे सर्वांत जवळून पाहिलेलं, आणि सिनेमातल्या नीट घडीव बोगद्यांपेक्षा कितीतरी अरुंद.

वर आल्यावर भूक सणकून लागली होती. एबर्सवाल्डर श्ट्रासेला यू 2 चा लोखंडी पूल आहे, त्याखाली 'कोनोप्के' ही 1930 पासूनची टपरी. पूर्व बर्लिनमध्ये इथे 1960 पासून करीवुर्स्ट मिळतं. म्हणजे सॉसेजचे तुकडे, वर टोमॅटोचा गोडसर रस्सा आणि करीपावडरची भुकटी. डोक्यावरून गाडी धडधडत जाते तेव्हा सगळी रांग बोलायची थांबते आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करते. दादा शाकाहारी, त्याने फ्राइज घेतले आणि माझ्या ताटलीतला रस्सा संपवला. करीपावडरला त्याने 'आपला मसाला नव्हे, पण प्रयत्न चांगला' असा शेरा दिला.

रात्री सईकडे दादाने ठेवणीतला माल काढला. 'डेर टुनेल' सगळ्यांनी बघितलेला होता, म्हणून एनबीसी या अमेरिकन वाहिनीचा 1962 चा माहितीपट. त्याचंही नाव 'द टनेल'. टनेल 29 वाल्यांकडे पैसे संपत आले होते, तेव्हा त्यांनी एनबीसीशी सौदा केला : तुम्ही पैसे द्या, आम्ही तुम्हाला आत चित्रीकरण करू देतो. सुमारे 50,000 मार्क मिळाले. त्यातून लाकूड, लोखंड, रूळ आले. कॅमेरावाले खणणाऱ्यांच्या मागून सरपटत आत गेले. म्हणून जगाला आज त्या तळघरातलं दृश्य दिसतं : भोकातून एक बाई चिखलाने माखलेली वर येते, शिडी चढते, पाय लटपटतात. नटी नव्हे, खरी. त्याच क्षणी आलेली.

क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग पेटायच्या बेतात होतं, अमेरिकन सरकारलाही हे प्रक्षेपण नको होतं, त्यामुळे ते लांबलं आणि 10 डिसेंबर 1962 ला झालं. पुढच्या वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम कार्यक्रमाचं एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं.

सई मात्र भडकली. "बाबा, हे लोक जिवावर उदार होऊन आले आणि समोर कॅमेरा? त्यांना विचारलं होतं का कुणी?" खणणाऱ्या मुलांपैकी काहींनाही हा सौदा मागाहून कळला होता आणि तेही संतापले होते, हे दादानेच कबूल केलं. "पण पैसे नसते तर बोगदा झाला असता का?" वहिनीने झोपायला जाता जाता निकाल दिला, "29 माणसं आली ना? मग कॅमेऱ्याला काय करायचंय." मी सईच्या बाजूची. दुसऱ्या दिवशीही हा वाद मिटला नव्हता. पण एक गोष्ट मला त्या रात्री नव्याने कळली. मी समजत होते की आधी पलायन होतं आणि मग त्यावर सिनेमा निघतो. इथे सिनेमाच्या पैशांनी बोगदा पुढे सरकत होता.

रविवार : माउअरपार्क

रविवारी जर्मनीत दुकानं बंद. दूध, पाव, फळं शनिवारीच आणून ठेवा, नाहीतर मोठ्या रेल्वे स्टेशनातल्या दुकानांत जावं लागतं. सगळं बर्लिन रविवारी माउअरपार्कच्या जुन्या बाजारात लोटतं. हा बगीचा म्हणजे पूर्वीचा सीमेचा पट्टा. आता तिथे जुनी घड्याळं, पितळी नळ, चामड्याची जाकिटं आणि उन्हात बेसूर कराओके. बर्लिन या बाबतीत बेफिकीर आहे आणि मला ते आवडलं.

एका टेबलावर जुने नकाशे मांडलेले. विक्रेते सत्तरीतले आजोबा, पूर्वेत वाढलेले, इंग्रजी मोडकं पण उत्साह दांडगा. त्यांनी पूर्व जर्मनीत छापलेला बर्लिनचा नकाशा उलगडला. अर्ध्या भागात रस्ते, बगीचे, ट्रामच्या लाइनी. उरलेल्या अर्ध्यात जवळजवळ कोरा कागद, त्यावर नुसतं 'वेस्ट बर्लिन'. "लहानपणी मला वाटायचं तिकडे शेतं असतील," ते म्हणाले आणि खोखो हसले. दादाने नकाशा विकत घेतला. घासाघीस केली नाही, हे इथे नमूद करते, कारण असं कधी होत नाही.

तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि गारा. मे महिन्यात, चक्क गारा! आम्ही आजोबांच्या ताडपत्रीखाली शिरलो. अर्धा तास अडकलो, त्यात दादाने मला 'डास फरश्प्रेशन' या सिनेमाची गोष्ट सांगितली. मार्गारेट फॉन ट्रॉटाचा, 1994 चा. मी तो पाहिला नव्हता. भिंत उभी राहिल्यावर काही तरुण मुलं गटाराच्या भुयारातून पळायला निघतात. नायक बुटाच्या सुटलेल्या नाडीत अडखळतो, मागे राहतो. नायिका पोहोचते. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे त्या नाडीची अठ्ठावीस वर्षं. दादाच्या मते यादीतला हा सर्वांत प्रामाणिक सिनेमा, कारण यात पलायन सुरुवातीलाच उरकलंय.

पाऊस थांबल्यावर रुपिनर श्ट्रासेच्या कोपऱ्यावर गेलो. 15 ऑगस्ट 1961 ला 19 वर्षांचा कोनराड शूमान हा पूर्वेचा जवान इथे पहाऱ्यावर होता. तेव्हा भिंतीच्या जागी नुसती काटेरी तार. त्याने तारेवरून उडी मारली, बंदूक टाकली आणि थेट पश्चिमेच्या पोलीसगाडीत. पेटर लाइबिंग या छायाचित्रकाराने तो हवेत असतानाच टिपला. फोटो जगभर गेला. शूमान पश्चिम जर्मनीतल्या बव्हेरियात राहिला, मोटारींच्या कारखान्यात कामाला लागला. भिंत पडल्यावर गावाकडच्या काहींनी त्याला आपलं मानलं नाही. 1998 मध्ये त्याने गळफास घेतला. शेजारच्या घराच्या भिंतीवर तो फोटो मोठा करून लावलाय. लोक त्याखाली उड्या मारत सेल्फी काढत होते.

सोमवार : चेकपॉइंट चार्ली आणि बनावट भिंती

चेकपॉइंट चार्लीबद्दल स्पष्टच सांगते, अपेक्षा ठेवू नका. मधली चौकी नकली, आजूबाजूला बर्गर आणि फरच्या टोप्या. शेजारचं म्यूझियम महाग आणि कोंदट, वस्तू कशाही ठासलेल्या. तरीही आत जा, कारण पळून जायला वापरलेली खरी वाहनं तिथे आहेत. राइनर हिल्डेब्रांट या माणसाने भिंत उभी असतानाच, 1962 मध्ये, हा संग्रह सुरू केला.

मला आवडली ती इझेटा. पुढून दार उघडणारी, अंड्याएवढी गाडी. तिच्या इंजिनाशेजारी माणूस लपवायची जागा करून 1964 मध्ये मित्राला पलीकडे आणलं होतं. इतक्या लहान गाडीत कुणी लपलं असेल अशी पहारेकऱ्यांना शंकाही येईना, हेच त्यातलं गमक. या हकिगतीवर गाडीच्या कंपनीने 2019 मध्ये 'द स्मॉल एस्केप' हा छोटा सिनेमाही काढला. जाहिरातच ती, पण दादाने मोबाइलवर दाखवली आणि आम्ही दोघं म्यूझियममध्ये उभं राहून श्वास रोखून बघितली. आणखी एक भन्नाट किस्सा हाइन्त्स माइक्सनर या ऑस्ट्रियन तरुणाचा. सीमेवरचा आडवा दांडा जमिनीपासून किती उंच आहे याचा त्याने अंदाज घेतला, त्याखालून जाईल अशी बुटकी स्पोर्ट्स कार भाड्याने आणली, पुढची काच काढली. 5 मे 1963 ला मागे होणारी बायको, डिकीत होणारी सासू, डोकी खाली आणि सुसाट दांड्याखालून पार. सासूला बरोबर नेलं याबद्दल दादाला त्याचं विशेष कौतुक.

तिथून त्सिमर श्ट्रासेवर दोन-तीन मिनिटांत पेटर फेश्टरचा खांब. 18 वर्षांचा गवंडी. 17 ऑगस्ट 1962 ला भिंतीशी गोळी लागली आणि दोन्ही बाजूंच्या लोकांच्या डोळ्यांदेखत तासभर रक्त जात पडून राहिला. बरोबरचा मित्र पार झाला होता. चौकीभोवतीच्या गर्दीतला एकही माणूस इथवर आलेला दिसला नाही. खांबाशी ताजी फुलं होती.

पुढे नीडरकिर्शनर श्ट्रासेला भिंतीचा लांब तुकडा शिल्लक आहे, आणि त्याच्या मागे प्रचंड करडी इमारत. आता अर्थ मंत्रालय, तेव्हा पूर्व जर्मनीची मंत्रालयं. 1965 च्या जुलैमध्ये होल्त्साप्फेल कुटुंब, नवरा, बायको, नऊ वर्षांचा मुलगा, या सरकारी इमारतीच्या संडासात लपून रात्र होण्याची वाट बघत राहिलं. मग गच्चीवरून हातोड्याला दोरी बांधून भिंतीपलीकडे फेकली. पलीकडच्या नातेवाइकांनी तिला पोलादी तार बांधली, ती वर ओढून घेतली आणि तिघंही घरंगळत पश्चिमेला उतरले. मी मान वर करून गच्ची बघितली आणि पोटात गोळा आला. मुलाला आधी पाठवलं असेल की मागाहून, यावर आम्ही बराच वेळ बोललो.

संध्याकाळी चालत ब्रँडनबर्ग गेट, म्हणजे वहिनीचा एकमेव हट्ट. तिथे दादाने खिशातली माहिती काढली. बिली वाइल्डर 1961 च्या उन्हाळ्यात इथे 'वन, टू, थ्री' या विनोदी सिनेमाचं चित्रीकरण करत होता, मधेच भिंत आली. शेवटी म्युनिकच्या स्टुडिओत गेटची प्रतिकृती बांधावी लागली. 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' मधली भिंत आणि चेकपॉइंट डब्लिनमध्ये उभारलेले. 'ब्रिज ऑफ स्पाइज' मधली भिंत पोलंडमधल्या व्रोत्सवाफची. म्हणजे आमच्या मनातलं विभागलेलं बर्लिन निम्मं आयर्लंड आणि पोलंडमधलं. पण डब्लिनच्या त्या बनावट भिंतीवर चढलेला रिचर्ड बर्टन पलीकडे उडी न मारता मेलेल्या प्रेयसीकडे परत खाली उतरतो, आणि ते दृश्य मला सगळ्या यशस्वी पलायनांपेक्षा खरं वाटत आलंय.

प्रवासाबद्दल दोन ओळी : शहरात ए-बी झोनचं दिवसाचं तिकीट पुरतं, शेजारच्या पोट्सडाम शहरात जायचं तर ए-बी-सी घ्या. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा असतो, नाहीतर 60 युरो दंड. तिकीटतपासनीस साध्या कपड्यांत असतात. लहान टपऱ्यांवर कार्ड चालेलच असं नाही, रोख ठेवा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका, दुकानातल्या यंत्रात टाकल्या की 25 सेंट परत मिळतात.

मंगळवार : आगगाडी, फुगा आणि पूल

सकाळी दादाच्या हट्टापायी स्पांडाउच्या पलीकडे आल्ब्रेख्टसहोफ. दोन फलाट, झाडी, सायकली. पाहण्यासारखं शून्य. पण 5 डिसेंबर 1961 ला हारी डेटरलिंग हा इंजिनड्रायव्हर आपली पॅसेंजर गाडी इथे न थांबवता वेग वाढवून सीमेचा अडथळा तोडत पश्चिम बर्लिनमधल्या स्पांडाउला घेऊन गेला. आत त्याची बायको-मुलं, नातेवाईक, आणि यातलं काहीच ठाऊक नसलेले काही उतारूही. 25 जण पश्चिमेत राहिले, काही जण परत गेले. लगोलग रूळ उखडले गेले. यावर 1963 मध्ये 'डुर्शब्रुख लोक 234' नावाचा सिनेमा आला. मला त्या परत गेलेल्या उतारूंचं कुतूहल. ऑफिस सुटल्यावर घरी निघालेला माणूस, डोळे मिटून बसलाय आणि उघडतो तर दुसऱ्याच देशात. आणि तो म्हणतो, मला घरीच जायचंय.

दुपारी एस 1 ने वानझेकडे निघालो. वाटेत मेक्सिकोप्लात्स स्टेशन येतं, बंगल्यांची श्रीमंत वस्ती, लायलॅकचा वास डब्यापर्यंत येत होता. फुग्यातून पळालेल्यांवर दोन गाजलेले सिनेमे आहेत, डिस्नेचा 1982 चा 'नाइट क्रॉसिंग' आणि 2018 चा जर्मन 'बालॉन'. दोन्ही पूर्व जर्मनीच्या थुरिंगियातल्या त्याच दोन कुटुंबांवर. 1979 च्या सप्टेंबरमध्ये आठ माणसं घरी शिवलेल्या फुग्यातून अर्ध्या तासात बव्हेरियात उतरली. बर्लिनच्या फुग्याची कथा वेगळी आहे. 8 मार्च 1989 ला विनफ्रीड फ्रॉइडेनबर्ग आणि त्याची बायको गॅस भरून उडायच्या तयारीत होते. पोलीस आले. फुगा पुरता भरला नव्हता, म्हणून तो एकटाच उडाला. तासन् तास गोठवणाऱ्या थंडीत शहरावर तरंगला आणि इथल्याच एका बागेत कोसळून मेला. वय 32. भिंत पडायला आठ महिने उरले होते. दादाने वही उघडून मेक्सिकोप्लात्स असं लिहिलं. डाव्या बाजूचा रकाना कोरा सोडला.

वानझेहून बसने ग्लीनिके पूल. इथे मात्र सिनेमा आणि जागा एकच आहेत. 10 फेब्रुवारी 1962 ला अमेरिकन वैमानिक पॉवर्स आणि सोव्हिएत हेर आबेल यांची अदलाबदल याच पुलावर झाली आणि 'ब्रिज ऑफ स्पाइज' चं ते दृश्य स्पीलबर्गने इथेच घेतलं. चित्रीकरण बघायला जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मेर्केलही येऊन गेल्या होत्या. पुलाच्या मधोमध उभं राहून वरच्या कमानी बघा. अर्ध्या पुलाचा हिरवा आणि दुसऱ्या अर्ध्याचा हिरवा यांत फरक आहे. दोन देशांनी आपापला भाग आपापल्या डब्यातून रंगवला. खाली हाफेल नदीचं पाणी, शिडाच्या होड्या, आणि कठड्याला टेकून आईस्क्रीम खाणारी शाळेची सहल.

दादा त्या सिनेमातला नायक टॉम हँक्स कुठे उभा होता ते शोधत असताना मी पुलाच्या टोकाशी माहितीफलक वाचला. 1988 च्या मार्चमध्ये पोट्सडामचे तीन तरुण रिकामे गॅस सिलिंडर लादलेला ट्रक घेऊन रात्री या पुलावरचे अडथळे तोडत पलीकडे गेले. सिलिंडर दिसले की पहारेकरी गोळी झाडायला कचरतील, असा त्यांचा हिशेब. मी दादाला हाक मारली. त्याने फलक दोनदा वाचला, पुलाकडे बघितलं, अडथळे कुठे कुठे असतील ते हाताने दाखवलं, मग म्हणाला, "अगं, याचा सिनेमा बघितलेला नाही मी." आवाजात तक्रार होती.

पूल ओलांडून पोट्सडामच्या बाजूला उतरलं की समोर 93 नंबरची ट्राम मिळते. परत वानझेला जाण्यापेक्षा ही बरी, थेट पोट्सडाम स्टेशनात सोडते. वहिनी आणि सई तिथेच येणार होत्या. मे हा पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचा मोसम, प्रत्येक हॉटेलच्या फळीवर खडूने 'श्पार्गेल' लिहिलेलं. उकडलेला, वर वितळलेलं लोणी, बाजूला बटाटे. वहिनीने एक घास खाऊन पर्समधून लाल तिखटाची पुडी काढली आणि ती टेबलभर फिरली.